चांद्यात बर्फ होता, खरंच!

मे महिन्यात ४६-४७ अंशांत भाजून निघणाऱ्या चंद्रपूरचा आणि वितळणाऱ्या हिमालयाचा संबंध काय? उत्तर मोहर्लीच्या रस्त्यावर आहे, आणि पैनगंगेच्या पात्रातल्या एका दगडावरही.

मोहर्लीतून हिमनद्यांवर लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काहून बे, इथं बर्फ कुठं?"

प्रश्न रास्तच आहे. ताडोबाचं हे सर्वांत गजबजलेलं गेट. उन्हाळ्यात सकाळची सफारी संपवून जिप्सी परत येतात, तेव्हा तोंडाला दुपट्टा बांधूनही गाल भाजलेले असतात. जंगलातले नाले आटतात, कृत्रिम पाणवठ्यांत सौरपंपानं पाणी सोडावं लागतं आणि त्या पाण्यावर येणारा वाघ बघायला आपण रांगा लावतो. नवतपा लागला की चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं 'देशातलं सर्वांत उष्ण ठिकाण' या बातमीत हमखास येतात. अशा जागी ग्लेशियरची गोष्ट म्हणजे वाळवंटात होडी विकण्यासारखं वाटतं.

पण या जिल्ह्यात बर्फ होता. गारांचा नाही, रसवंतीवरचा तर नाहीच. खडक खरवडून काढणारा, हळूहळू सरकणारा, आज हिमालयात आहे तसा. आणि त्याची गोष्ट कळली की आज हिमालयात जे चाललंय, ते अचानक फार जवळचं वाटू लागतं.

१८७२ : दगडावरचे ओरखडे

गोष्ट सुरू होते ओडिशात. तालचेर या गावाजवळ १८५६ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञांना एक विचित्र थर सापडला. बारीक गाळात मोठमोठे धोंडे अडकलेले. नदी असं करत नाही. नदी जड दगड एकीकडे टाकते, बारीक गाळ दुसरीकडे नेते. सगळं एकत्र कालवून टाकायचं काम बर्फ करतो. विल्यम ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा अंदाज मांडला. पण उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ? सहज पटण्यासारखी गोष्ट नव्हती.

पक्का पुरावा मिळाला तो आपल्याकडे. १८७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, पैनगंगा जिथं वर्धेला मिळते त्या संगमाच्या जवळ, इरई नावाच्या गावाशी, जिऑलॉजिकल सर्व्हेचे फ्रान्सिस फेडन यांना तोच धोंड्यांचा थर दिसला. धोंड्यांवर ओरखडे होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थराखालच्या चुनखडीची फरशीसुद्धा घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर चरे उमटलेले होते. (नावाचा घोळ नको. हे इरई गाव वेगळं, मोहर्लीला लागून असलेलं इरई धरण वेगळं.)

हे चरे कसे पडतात? हिमनदी म्हणजे नुसता साचलेला बर्फ नव्हे. वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ पडून खालचा थर दाबला जातो, घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनानं उताराकडे सरकू लागतो. सरकताना तळाशी दगडगोटे अडकतात. मग ही सगळी रास एखाद्या अवाढव्य कानशीसारखी खालच्या खडकावरून घासत जाते. आज हिमालयात हिमनदी मागे हटली की तिच्याखालून असाच घासलेला खडक उघडा पडतो. पैनगंगेतली ती फरशी त्याच जातीची, फक्त सुमारे ३० कोटी वर्षं जुनी.

तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्याशी जोडलेला, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. याच काळातले बर्फाचे ओरखडे दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्या हातातल्या मोठ्या पुराव्यांपैकी हा एक होता. त्या जोडखंडाचं नाव? गोंडवाना. गोंडांच्या भूमीवरून आलेलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांच्या मार्कशीटवर विद्यापीठाचं जे नाव छापलेलं असतं, ते जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकात अख्ख्या महाखंडाला दिलेलं आहे. एवढा भाव तर आपण खाऊच शकतो.

बर्फ गेला, कोळसा आला

हवामान उबदार होत गेलं, तो प्राचीन बर्फ मागे हटला. वितळलेलं पाणी, सखल खचणारी जमीन, दलदल आणि त्यात वाढलेली घनदाट झाडी. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांचं ते राज्य होतं. ही झाडं हवेतला कार्बन घेऊन वाढली, दलदलीत पडली, गाळाखाली गाडली गेली आणि लाखो वर्षांच्या दाबानं त्यांचा कोळसा झाला.

म्हणून भूशास्त्राच्या पुस्तकात क्रम असा असतो : खाली तालचीर, म्हणजे बर्फाचा थर. त्याच्या वर बराकार, म्हणजे कोळशाचा थर. वर्धा खोऱ्यातल्या खाणी याच बराकार थरातून कोळसा काढतात. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी ही सगळी नावं त्या गाडलेल्या जंगलावर उभी आहेत. आणि बर्फानं ज्या जुन्या चुनखडीवर चरे पाडले, त्या पैनगंगा चुनखडीवर कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने चालतात. आपल्या जिल्ह्याची रोजीरोटी ही अशी थराथरांनी रचलेली आहे.

तीस किलोमीटरचा रस्ता

आता चंद्रपूरहून मोहर्लीला निघा. अंतर साधारण तीस किलोमीटर. शहर सोडताना दुर्गापूरला महाऔष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. क्षमता २,९२० मेगावॉट. पुढं दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खुल्या खाणी, मातीचे डोंगर, कोळशाचे ट्रक. मग पद्मापूरनंतर एकदम जंगल सुरू होतं. अगरझरी येते आणि थोड्या वेळात झाडांमागून इरई धरणाचं पाणी चमकतं. मोहर्ली आली.

सफारीच्या उत्साहात आपण हा रस्ता 'कधी एकदा गेट येतं' म्हणत संपवतो. पण या तीस किलोमीटरमध्ये अख्खी साखळी आहे. खाणीतून कोळसा निघतो, केंद्रात जळतो. केंद्राला लागणारं पाणी येतं इरई धरणातून, ज्याचं बॅकवॉटर मोहर्लीपर्यंत पसरलंय. २०१० च्या उन्हाळ्यात हे पाणी इतकं खाली गेलं की वीजकेंद्रातले संच बंद ठेवायची वेळ आली होती. तयार झालेली वीज फक्त चंद्रपुरात राहत नाही. १९९९ पासून चंद्रपूर ते पडघा अशी सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब लाइन मुंबईच्या दिशेनं वीज नेते. ठाण्यातल्या फ्लॅटमधला एसी आणि मुंबईतल्या मॉलचा सरकता जिना यांत चंद्रपूरचा कोळसा असतोच.

आणि धूर? तो कुठल्याच जिल्ह्याचा राहत नाही. कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो आणि शेकडो वर्षं हवेत टिकतो. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं, आज ४२० च्या वर आहे.

म्हणजे प्राचीन बर्फ वितळल्यावर वाढलेल्या झाडांनी जो कार्बन जमिनीत पुरला, तो आपण वर काढून जाळतोय आणि त्यानं आजचा बर्फ वितळतोय. या गोष्टीत इतका सरळ धागा असेल असं पहिल्यांदा वाचताना वाटत नाही.

तिकडे वर काय चाललंय

हिमनदीचा हिशोब बँक खात्यासारखा असतो. वरच्या भागात बर्फ पडतो, तो जमा. खालच्या भागात वितळतो, तो खर्च. जमा आणि खर्च सारखे राहिले तर हिमनदी जागेवर राहते. तापमान वाढलं की दोन्ही बाजूंनी फटका बसतो. वितळणं वाढतं, आणि आधी जिथं बर्फ पडायचा तिथं पाऊस पडू लागतो. त्यात काजळी. चुलीची, डिझेलची, कोळशाची, जाळलेल्या काडीकचऱ्याची. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळवंडलेला बर्फ ते शोषतो. काळा टी-शर्ट घालून मे महिन्यात बाहेर पडलेल्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको.

आपल्याकडच्या अभ्यासांत एक महत्त्वाचं नाव आहे डॉ. अनिल कुलकर्णी यांचं. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या मदतीनं चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या मोजल्या. १९६२ मध्ये त्यांचं क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटर होतं, ते १,६२८ वर आलं होतं. म्हणजे २१ टक्के घट. हा निबंध २००७ चा. त्यानंतर वेग कमी झालेला नाही. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं बर्फ गमावला. उत्सर्जन असंच चढत राहिलं तर शतकाच्या अखेरीपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. या डोंगररांगांतून निघणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, पायथ्याला आणि मैदानात, सुमारे १६५ कोटी लोक राहतात.

जगाचा हिशोबही असाच. २००० सालापासून जगभरच्या हिमनद्या दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावतायत. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्या संवर्धनाचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला. त्यामागे ही आकडेवारी आहे.

बर्फ वितळला तर पाणी वाढेल, मग वाईट काय, असंही विचारलं जातं. काही काळ वाढतं, खरंय. पण ते एफडी मोडून खर्च करण्यासारखं आहे. इसिमोडच्या अंदाजानुसार शतकाच्या मध्याच्या सुमाराला हे वाढलेलं पाणी शिखर गाठेल आणि मग कमी होत जाईल. शिवाय वितळलेलं पाणी डोंगरात तळी करून साचतं. या तळ्यांना काठ असतो तो सैल दगडमातीचा. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक या तळ्याचं पाणी असंच फुटून खाली आलं आणि चुंगथांगला १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. माणसं गेली, पूल गेले, सैन्याचे तळ गेले.

'बर्फ तर आधीही वितळला होता ना?'

हा प्रश्न इथं कुणीही विचारू शकतं, आणि विचारायलाच हवा. चांद्याचा बर्फ वितळला तेव्हा ना खाण होती, ना वीजकेंद्र. हवामान आपोआप बदलतं हे आपल्या पैनगंगेच्या दगडावरच लिहिलंय. मग आत्ताच एवढी ओरड का?

कारण आहे वेग. गोंडवानाचा बर्फ जायला लाखो वर्षं लागली. त्या काळात झाडं सरकली, प्राणी सरकले, नव्या जाती आल्या, जुन्या संपल्या. आणि त्या वेळी गंगेच्या मैदानात कोट्यवधी माणसं त्या पाण्यावर गहू पिकवत नव्हती. आत्ता जे चाललंय ते एका माणसाच्या आयुष्यात दिसतंय. गंगोत्री हिमनदीचं मुख, म्हणजे गोमुख, १९३५ पासून दीड किलोमीटरच्या आसपास मागे गेलंय. गोमुखचा ट्रेक केलेल्या आजोबांचे जुने फोटो आणि आपल्या मित्राची रील शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांनी दिसेल.

कोळसा बनायला लागलेला वेळ आणि जळायला लागणारा वेळ यांतला हा फरक आहे. दलदलीत थर साचायला लाखो वर्षं, तो उकरायला एक खाण, दोन पिढ्या.

आपलं काय जातं?

इथं प्रामाणिक राहायला हवं. वर्धा, पैनगंगा, इरई, अंधारी यांना हिमनदीचा एक थेंबही मिळत नाही. या पावसावरच्या नद्या आहेत. गंगोत्री आटली म्हणून मोहर्लीचा हातपंप आटणार नाही. मग?

एक तर ज्या गरमीनं तिकडे बर्फ जातोय, तीच गरमी इकडे दुपारी रस्ते ओस पाडतेय. हिमनदी हा एक थर्मामीटर आहे आणि चंद्रपूर हा दुसरा. दुसरं, पंजाब, उत्तर प्रदेश, बिहारच्या शेतीचं पाणी डगमगलं तर त्याचा हिशोब आपल्या मेसच्या ताटात येतो. तिसरं, विदर्भातल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब हंस. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकाठी घरटी करतात आणि हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यासाठी बर्फाचा प्रदेश आणि आपला तलाव हा एकच पत्ता आहे.

चौथी गोष्ट जरा टोचणारी. जर्मन आणि ऑस्ट्रियन संशोधकांनी २०१८ मध्ये एक हिशोब मांडला : आज हवेत सोडलेल्या एक किलो कार्बन डायऑक्साइडमुळे पुढच्या काळात हिमनद्यांचा सुमारे १५ किलो बर्फ जाईल. लगेच नाही, हळूहळू. कोळशावर तयार झालेल्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक युनिट, १५ किलो बर्फ. रात्रभर चाललेल्या एसीची साधारण दहा युनिटं धरली तर एका रात्रीचा दीडशे किलो बर्फ. रात्रभरच्या कूलरचा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका.

यातून 'एसी बंद करा, उकडून घ्या' असा निष्कर्ष काढायचा नाही. भारतात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि हवेत आधीच साचलेल्या कार्बनचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. चंद्रपूरच्या टिनाच्या घरात मे महिन्यात झोपणाऱ्या माणसाला कूलर ही चैन नाही. पण उन्हामुळे वीज लागते, विजेसाठी कोळसा जळतो, कोळशानं ऊन वाढतं, हा फेरा आपल्या दारातून जातो हे माहीत असायला हवं.

मग पुढं?

'कोळसा बंद करा' हे पुण्याच्या कॅम्पसमध्ये म्हणणं सोपं आहे. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या घरांत ते इतकं सोपं नाही. तिथं कुणाचे बाबा वेकोलित आहेत, कुणाचा भाऊ ट्रकवर, कुणाची खानावळ कामगारांवर चालते. आणि त्याच घरांनी धूळही खाल्लीय. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा चंद्रपूरचेच लोक रस्त्यावर उतरले आणि तो प्रस्ताव बारगळला. खाणीवर पोट असलेल्या जिल्ह्यानं एका खाणीला नाही म्हटलं, ही छोटी गोष्ट नव्हती.

म्हणून खरा प्रश्न 'कोळसा हवा की नको' एवढाच नाही. कोळशानंतर काय, हा आहे. चंद्रपूर केंद्रातले २१० मेगावॉटचे सुरुवातीचे दोन संच कायमचे बंद झालेत. बाकीचेही कधी ना कधी होतील. तेव्हा इथल्या आयटीआय आणि इंजिनीअरिंगच्या मुलांना काय शिकवलेलं असेल, रिकाम्या खाणींवर काय उभं राहील, वेकोलिच्या कॉलनीतली पोरं कुठं जातील, हे ठरवायची वेळ आत्ता आहे. निवडणुकीत, सिनेटमध्ये, कॉलेजच्या डिबेटमध्ये हा विषय आपण काढायचा. दुसऱ्या कुणाला घाई नाही.

ज्यांना या विषयात उतरायचंय त्यांच्यासाठी दारंही आहेत. डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था हिमनद्यांवर काम करते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्र आहे. त्यांचं 'हिमांश' हे केंद्र २०१६ पासून हिमाचलमध्ये स्पितीत, ४,००० मीटरहून उंचावर चालतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या ऑफिसातून बर्फ मोजणारी माणसं असू शकतात, तर ४७ अंशांच्या गावातून का नकोत? जिऑलॉजी, भूगोल, फिजिक्स, रिमोट सेन्सिंग, यांपैकी कुठूनही वाट जाते.

आणि जिऑलॉजी-भूगोलाच्या विभागांना एक सुचवणी. स्टडी टूरसाठी दरवर्षी लांबची ठिकाणं शोधतो, त्याऐवजी एकदा पैनगंगा-वर्धेच्या संगमाकडे चला. दीडशे वर्षांपूर्वी जगाला कोड्यात टाकणारा पुरावा आपल्या जिल्ह्यात सापडला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आज जो विशीत आहे, तो २०५० मध्ये पंचेचाळिशीच्या आसपास असेल. नोकरी, घर, शाळेत जाणारी मुलं, सगळं ऐन भरात. हिमालयातलं पाणी शिखर गाठून उतरायला लागेल असा अंदाज आहे, तो याच सुमाराचा. चांद्याचा बर्फ जाताना बघायला इथं माणूस नव्हता. हिमालयाचा जाताना आपण असणार आहोत, आणि तो किती जाईल हे ठरवणाऱ्या वर्षांतही आपणच असणार आहोत.